शिकविणारांचें शिकणें

पदवी हातीं आली कीं विद्या पुरी झाली, अशी समजूत आपल्या घरांतून अजून बरीच दृढ आहे. भिंतीवरची चौकट पाहून आपण निश्चिंत होतों; ती किती सालची आहे हें वाचण्याइतकें जवळ मात्र कोणी जात नाहीं. मुलांच्या वाणीवर उपचार करणारे, ज्यांना सर्वत्र स्पीच थेरपिस्ट म्हणतात, त्यांच्या बाबतींत ही निश्चिंतता विशेष महाग पडते. कारण वाणीचीं पहिलीं पांच-सहा वर्षें परत येत नाहींत.

हें शास्त्र आपल्याकडे तरुण आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ सालीं निघाली, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ सालीं. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वसन परिषदेस या व्यवसायाची नोंदवही ठेवण्याचा अधिकार मिळाला, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं पदवीनंतरच्या मान्य वर्गांचे गुण मिळविण्याची अट परिषदेनें घातली. ती कां योग्य होती, हें तोतरेपणाच्या इतिहासावरून कळतें.

अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत वेंडेल जॉन्सन नांवाचे प्राध्यापक होते. ते स्वतःहि बोलतांना अडखळत. १९३९ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं एका विद्यार्थिनीनें डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमांतील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील कांहीं नीट बोलणाऱ्या मुलांस ‘तुझें बोलणें अडखळतें’ असें वारंवार सांगण्यांत आलें, आणि तीं बोलण्यासच बिचकूं लागलीं. विद्यापीठानें त्याबद्दल क्षमा मागितली ती २००१ सालीं! तोतरेपण आईबापांच्या टोंकण्यांतून उपजतें, असें जॉन्सन यांचें मत. त्यावरून पुढें कित्येक दशकें उपदेश चालला, कीं मूल अडखळलें तरी घरच्यांनीं अवाक्षर काढूं नये. आज तोतरेपणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचें दिसून आलें आहे. सिडनीच्या लिडकोंब उपनगराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींत तर उपचार आईबापच करतात, तज्ज्ञानें शिकविल्याप्रमाणें: मूल सुरळीत बोललें कीं तेथल्या तेथें शाबासकी, अडखळलें तर क्वचित् हळुवार सूचना. ५४ लहान मुलांवरील तिची चांचणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली व तींत तिचा गुण दिसून आला. म्हणजे १९८० सालीं पदवी घेऊन ज्यानें पुढें पुस्तक उघडलें नाहीं, तो आजच्या आईस उलट सल्ला देईल, आणि तोहि अगदीं प्रामाणिकपणें.

असला जुना सल्ला आमच्या घरींहि आला होता. नातू तीन वर्षांचा होऊनहि दोन शब्द जोडीना. वेखंड उगाळून झालें, ‘बापहि उशिरांच बोलला’ हें म्हणून झालें. मग एका नामांकित तज्ज्ञांकडे नेलें. त्यांचा निकाल असा, कीं दोन भाषांनीं मुलाचा गोंधळ होतो. मराठी बंद करा, इंग्रजीच बोला. आमच्या सौ.चें इंग्रजी बेताचें. दिवसभर त्याला काऊचिऊच्या गोष्टी सांगणारी आजी वरणभात भरवितांना गप्प बसूं लागली. चार महिने असे गेले.

पुढें सूनबाईंनीं दुसऱ्या एक बाई शोधल्या. त्यांनीं आधीं मुलाचे कान तपासून घेतले, मग आजींनाच बोलावलें. दोन भाषांनीं वाणी खुंटते याला आधार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आपल्यालाहि महाविद्यालयांत जुनाच पाठ मिळाला होता, तो नंतरच्या एका वर्गांत सुटला, हेंहि सांगितलें. आमच्या गोकुळाची रीत त्यांनीं बरोबर हेरली. मुलानें पेल्याकडे नुसतें पाहिलें कीं तीन माणसें पाणी आणतात. त्यानें तोंड उघडावें कशाला? पेला हातीं धरून मनांत दहापर्यंत मोजावयाचें, असा गृहपाठ सर्वांस मिळाला. आमच्या वहिनींना तो अजून साधत नाहीं. नातू समवयस्कांच्या मागेंच आहे. पण ‘आजी, गोष्ट सांग’ एवढें वाक्य तो बोलतो.

सर्वच वर्ग उपयोगी असतात असें नव्हे. हजेरी लावावी, जेवावें, प्रमाणपत्र घ्यावें, असेहि पुष्कळ. फुगे, शिट्ट्या, फुंकरी यांनीं उच्चार सुधारतात याला पुरेसा पुरावा नाहीं, असें २००९ च्या एका आढाव्यांत निघालें. तरी फुगे फुगतच आहेत. आमच्या मतें खरें शिकणें तेंच, जेथें आपलें काम चार जाणत्यांपुढें ठेवून टीका ऐकावी लागते. शिवाय इंग्रजी उच्चारांवरच्या व्याख्यानानें मराठी मुलाचा ळ सुटत नाहीं. चमच्यांतला च निराळा आणि चहांतला निराळा, हें सांगणारे वर्ग मराठींत हवेत.

जिल्ह्याच्या गांवीं एकटीनें दवाखाना चालविणारीला तर अशा वर्गासाठीं तो बंद ठेवून पुण्यामुंबईस यावें लागतें. प्रवास पदरचा, शुल्क पदरचें, वर पालकांची कुरकुर. आमच्या बाई गेल्या महिन्यांत दोन दिवस अशाच गेल्या होत्या. बुडालेल्या वेळेचे पैसे त्यांनीं परत करूं केले. सूनबाईंनीं ते घेतले नाहींत.