तक्रार आणि तकरार

केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करीत आम्ही दिल्लीत नऊ वर्षे काढली. परंतु आमची हिंदी मुळामुठेकाठचीच राहिली. तिनेच परवा आमचा घात केला. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याने आमची एक फाईल तीन दिवस दाबून ठेवली होती. आम्ही त्याच्यापुढे उभे राहून म्हणालो, "हमको आपसे तक्रार करना है." आमच्या मते आम्ही गाऱ्हाणे मांडीत होतो, त्याच्या मते भांडण उकरीत होतो. हिंदीत तकरार म्हणजे वादावादी, हे आम्हांस उशिरा स्मरले. तोवर आवाज चढले होते, चहाचा पेला फुटला होता. अधिकाऱ्यांनी उभयतांकडून लेखी खुलासा मागविला, तोही इंग्रजीत.

रात्री आम्ही कोश उघडून बसलो. हेतू शुद्ध होता असे म्हणवत नाही. आमचा दोष लहान दिसेल असा एखादा शब्द हवा होता. 'फ्रॅकास' भारदस्त वाटला. पण फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी असलेल्या इटालियन क्रियापदाचा अर्थ निघाला चक्काचूर करणे! पेला आठवून तो सोडला. 'डॉनीब्रुक' हे तर डब्लिनजवळच्या एका गावाचे नाव. तेथील जत्रेला इंग्लंडच्या जॉन राजाने १२०४ साली सनद दिली. पुढे दारू आणि दंगे यांनी ती इतकी गाजली, की तिचा हक्क विकत घेऊन १८५५ साली ती बंद करण्यात आली. जत्रा उठली; गावाचे नाव मात्र हाणामारीचा शब्द होऊन राहिले. आमचा तंटा काही इतका मोठा नव्हता.

'अफ्रे' हा कायद्याचा शब्द. १८६० च्या दंडसंहितेत तो होता, २०२३ च्या न्याय संहितेतही आहे. त्याचा मूळ अर्थ शांततेतून बाहेर ओढणे. आणि भ्यालेला या अर्थाचा 'अफ्रेड' हा त्याच्याच पोटचा. येथे आम्ही थबकलो. त्या दुपारी सहकाऱ्याच्या मुद्रेवर आम्हांस क्रोध दिसला होता. ते भय तर नव्हते?

अखेर साधा 'क्वॉरल' काढला. त्याचे लॅटिन मूळ 'क्वेरेला', म्हणजे चक्क तक्रार! इंग्रजीतही तो आधी गाऱ्हाणेच होता, भांडण मागाहून झाला. उलट आमची तक्रार मूळची अरबी. तेथे तिचा अर्थ पुनरुक्ती. मग आम्हांस उमगले: गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही म्हणजे ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि दर खेपेस आवाज थोडा चढतो. भांडण म्हणजे न ऐकलेली तक्रारच.

खुलाशात आम्ही तोच शब्द लिहिला, पेल्याचा दोष पदरी घेतला आणि कागद आधी सहकाऱ्याला दाखविला. आमची हिंदी कोठे अडखळली तेही सांगितले. तो हसला. मग हळूच म्हणाला, त्याचीही एक शिकायत होती, नऊ वर्षांची: त्याचे मेज हाताच्या अंतरावर असूनही आम्ही डबा नेहमी आपल्या मराठी मंडळींतच जाऊन उघडतो.

यावर खुलासा देता येईल असा शब्द आमच्या कोशात नव्हता. त्या दुपारी आम्ही डबा त्याच्या मेजावर उघडला.