तसलं काहीतरी

कुत्र्यांना वळण लावणं हा माझा धंदा. नवा मालक फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलतो. लसी झाल्यात, खाणं व्यवस्थित आहे, लिफ्टमध्ये त्रास देत नाही. मग आवाज खाली येतो, "तो पाहुण्यांच्या पायाला धरून... तसलं काहीतरी करतो हो." मादी असेल तर लाज दुप्पट. बाई असून चढते म्हणजे काय!

चढतात, माद्याही चढतात. नसबंदी झालेले चढतात, दीड महिन्याची पिल्लं खेळता खेळता भावंडांवर चढतात. भाद्रपदात गल्लीत जे दिसतं, त्यावरून आपण सगळंच वासनेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. माजावरची मादी जवळ असली की नराचं कारण तेच असतं, हे खरं. पण दिवाणखान्यातल्या लोडावर चढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट बहुतेक वेळा निराळी असते.

कोथरूडच्या एका घरातली लॅब्रेडॉर बघा. बेल वाजली की दाराकडे धावायची, परत यायची, पुन्हा धावायची. पाहुणे आत आले, सगळे एकदम बोलायला लागले, की ती जांभई द्यायची. झोपेची नव्हे, ताणाची. ओठांवरून जीभ फिरायची, अंग ताठ व्हायचं आणि मग सोफ्यावरची उशी ओढून ती तिच्यावर चढायची. घरच्यांना दिसायची ती फक्त उशी. आनंद, गोंधळ, थोडी भीती, सगळं एकदम दाटलं आणि वाट मिळेल तिथून उतू गेलं, एवढंच ते होतं. आम्ही उशीला हातही लावला नाही. बेल वाजली की तिला आतल्या खोलीत न्यायचं, खाऊ जमिनीवर पसरून हुंगत शोधायला लावायचं आणि घर शांत झालं की पट्ट्यावर बाहेर आणायचं, एवढंच ठरवलं.

आमच्या धंद्यात अजून एक खूळ आहे. म्हणे, कुत्रा चढतो कारण त्याला घरचा म्होरक्या व्हायचंय. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं आणि म्होरकेपणाची ती कल्पना कुत्र्यांच्या गळ्यात पडली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तरी कुत्र्याला उताणं पाडून 'मालक कोण' ते दाखवणारे ट्रेनर आहेतच. अशानं कुत्रा घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

नसबंदीनं नरांमध्ये हे चढणं बऱ्याचदा कमी होतं, पण सगळ्यांचं जात नाही. मुरलेली सवय राहते. आणि हे एकाएकी सुरू झालं असेल, कुत्रा खालचं अंग सारखा चाटत असेल, थेंबथेंब लघवी करत असेल, तर ट्रेनरला नंतर बोलवा, आधी डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा कातडीची खाज असू शकते.

दोन कुत्री खेळताना एकानं चढून बघितलं आणि दुसऱ्यानं झटकून खेळ पुढे चालू ठेवला, तर आपण मध्ये पडू नये. दुसरा शेपूट घालून पळायला बघत असेल, तर लगेच बाजूला करावं.

राहिले पाहुणे. ते खिदळतात, मोबाइल काढतात, नाहीतर किंचाळतात. कुत्र्याच्या लेखी तिन्ही लाडच. त्यांना दारातच सांगून ठेवा: हसू नका, ओरडू नका, पाय सोडवून घ्या आणि पाठ फिरवा.