आवाज कुठं अडला होता

लेक इंजिनियरिंगला होती तेव्हा घेतलेला कॉम्प्युटर ती नोकरीला गेल्यावर आमच्या सोप्यातच राहिला. ती आता हिंजवडीत. दर रविवारी सकाळी नातीला मांडीवर घेऊन पडद्यावर दिसते. आमच्या मंडळींना दोन-तीन वर्षांपासून ऐकायला कमी येतं. फोनवर निम्मं कळत नाही. म्हणून लेकीनं स्पीकरचे दोन डबे आणून जोडले. आवाज वाढवला की ही नातीचं बोबडं बोलणंसुद्धा धरायची.

दिवाळीच्या झाडलोटीत मी टेबल ओढलं आणि स्पीकरची वायर ताणली गेली. त्याचं काही वाटलं नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट सकाळची होती, म्हणून रविवारी मी ज्वारीला पाणी द्यायला गेलो. आलो तर ही चुलीपुढं गप बसलेली.

"काय म्हणाली लेक?"

"नुसते ओठ हलत होते. माझे कान आता पुरतेच गेले."

मी कॉम्प्युटरवर सनई लावली. वाजली. म्हणालो, "डबे तर चांगलेत. म्हणजे तुझेच कान." बोललो आणि बैलांना वैरण टाकायला गेलो.

पुढच्या रविवारी ही पडद्यापुढं बसलीच नाही. लेकीचा मला रानात फोन. "अण्णा, आई का येत नाही? रुसलीय का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सहज भजन लावलं. मृदंग वाजतोय, टाळ वाजतायत, पण बुवाच गायब. लांब विहिरीच्या तळातून गुणगुणल्यागत. वाकून मागं हात घातला. पिनेच्या मानेला बोट लागलं आणि बुवा एकदम खणखणीत गायला लागले. बोट काढलं, बुवा गेले.

बार्शीला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पिनेत तीन तारा. दोन दोन डब्यांच्या, तिसरी दोघांची सामाईक, परतीची. ती तुटली की दोन्हीकडं जे सारखं असतं ते एकमेकाला खाऊन टाकतं. वेगळं असतं तेवढंच वाजतं." गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा, म्हणून बुवा गेले. लेकीचं बोलणं तर दोन्हीकडं अगदी एकच, म्हणून ते मुळीच नाही. सनईच्या रेकॉर्डात दोन बाजू वेगळ्या, म्हणून ती वाजली. आणि मी त्या सनईवरून हिच्या कानांचा निकाल लावला होता!

साडेतीन एमएमची नवी पिन घेतली, शेजारच्या पोराची सोल्डरिंगची गन आणली. जुनी पिन कापली, वायर सोलली. आत केसासारख्या तारा, एक लाल, एक हिरवी, एक तांब्याच्या रंगाची. डाख काही केल्या चिकटेना, थेंब होऊन घरंगळायचा. मग आठवलं, विहिरीवरची मोटर जळली तेव्हा वाइंडिंगवाला तारेचं टोक आधी ब्लेडनं खरवडायचा. त्या तारेवर वार्निशचा थर असतो. हा रंगही तसलाच असणार. ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलं, राळ लावली, आणि डाख पटकन बसला. लाल आणि हिरवी दोन छोट्या पट्ट्यांना, तांब्याची लांब पट्टीला.

तिन्ही जोडून झाल्यावर ध्यानात आलं, पिनेचं टोपण वायरीत आधी ओवायचं राहिलं. सगळं उकलून पुन्हा केलं. ही दारात उभी राहून बघत होती. हसली नाही.

रविवारी रानात गेलो नाही. लाईट सकाळचीच होती, पाणी राहिलं तर राहिलं. हिला म्हणालो, "बस." म्हणाली, "कशाला? पोरीला उगं वाईट वाटतं." तरी बसली. पडदा उजळला आणि नात ओरडली, "आज्जे!"

ही दचकली. मग हात पुढं करून डब्याचं बटण जरा मागं फिरवलं. "एवढा मोठा कशाला," म्हणाली, "मी काय बहिरी आहे का?"

अर्धा तास बोलत होती. उठताना माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अहो, पुढच्या बारीला आधी वायर बघा, मग माझे कान."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?