दोन मिलिमीटरचं देणं

पाण्याखालच्या उजेडासाठी मी ज्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे, ते चाचा समुद्रात कधी गुडघ्याच्या वर उतरलेले नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर त्यांचं ऑइल सील आणि ओ-रिंगचं दुकान आहे. एक काउंटर, त्यामागे छतापर्यंत चढत गेलेले लाकडी खण, प्रत्येक खणावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा. पंप, बोटींची इंजिनं, हायड्रॉलिक प्रेस यांना लागणारं सगळं रबर तिथे मिळतं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत एक बुडालेला डायव्हिंग टॉर्च होता आणि डायव्हिंग सोडून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

लोक त्याला माझा छंद म्हणतात, मी काम समजते. मालवणजवळच्या खडपांवर मी समुद्री गोगलगायी शोधते, शंख नसलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, रंगांनी नटलेल्या. त्यांचे फोटो काढते. तारीख, खोली, जागा लिहून ठेवते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला हा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथे प्रवाळ आहे, आणि प्रवाळाच्या कपारींमध्ये कोण कोण राहतं हे बघायला एक आयुष्य पुरायचं नाही.

हे सगळं दिव्याशिवाय होत नाही. पाणी उजेड शोषतं आणि सगळे रंग सारखे शोषत नाही. लाल सर्वांत आधी जातो. आठ-दहा मीटरवर लालभडक स्पंज मातकट तपकिरी दिसतो. त्यावर टॉर्चचा झोत टाकला की तो एकदम पेटून उठतो आणि त्याच्यावर बसलेली, त्याच रंगाची गोगलगाय तेव्हाच सापडते. त्यात कोकणच्या पाण्यात गाळ असतो, कपारीच्या आत तर भर दुपारी काळोख. शिवाय सोबत्याशी बोलायचं ते झोतानेच: तळावर सावकाश वर्तुळ काढलं तर सगळं ठीक, झोत आडवा झपाझप हलवला तर संकट. दिवा गेला की नजर जाते आणि बोलणंही जातं.

म्हणून मी चांगला, महागडा दिवा घेतला. दीड महिन्याचा पगार त्यात गेला. शंभर मीटर खोलीची हमी, अ‍ॅल्युमिनियमचं अंग, लिथियमची सेल. पहिल्याच मोसमात, उतरायला लागून मिनिटही झालं नव्हतं तेव्हा काचेआड पाण्याची रेघ दिसली आणि उजेड विझला. परदेशातल्या कंपनीने पत्रव्यवहारानंतर बदली दिवा पाठवला. कस्टममधून सुटून येईपर्यंत मोसमाचा चांगला काळ निघून गेला. तोही तसाच बुडाला. पुढचाही. कंपनीचं उत्तर दर वेळी सारखं: ओ-रिंग स्वच्छ ठेवा, ग्रीस लावा, देखभालीत कसूर झाली असावी. मी ती रिंग डोळ्यात तेल घालून जपत होते. एक केस, वाळूचा एक कण, मिठाचा एक स्फटिक पाणी आत घ्यायला पुरतो हे मला माहीत होतं. त्यामुळे ते पत्र वाचून मला जो राग यायचा, तो आजही आठवतो.

बुडालेला लिथियम टॉर्च ही साधी गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. खारं पाणी सेलपर्यंत पोहोचलं की आत वायू तयार होतो आणि बंद नळीत त्याचा दाब साठत जातो. झाकण उघडताना ते सुटून तोंडावर येऊ शकतं. असा टॉर्च तोंडापासून लांब, माणसांपासून दूर धरून, हळूहळू उघडायचा असतो. हे मला बोटीवर शिकवलं आमच्या डायव्हमास्टरने. तो रापणकराचा मुलगा, माझ्याहून वयाने बराच लहान, आणि पाण्याखाली मी ज्याच्या मागे डोळे मिटून जाईन असा.

त्याचं ऋण वेगळंच आहे. माझा दिवा गेला की तो पाण्यातच जवळ यायचा, माझ्या हातातला मेलेला टॉर्च काढून घ्यायचा, स्वतःचा साधा, स्वस्त टॉर्च माझ्या मनगटाला अडकवायचा आणि बोटाने कपारीकडे दाखवायचा. म्हणजे, चल, बघ. जॅकेटच्या खिशातला छोटा राखीव दिवा तो स्वतःला ठेवायचा. वर आल्यावर मी कुरकुरले की म्हणायचा, “ताई, ह्यो घेवा माझोच. माका ह्या खडपाचो कोपरो न् कोपरो ठावक आसा.” हे खरंही होतं. पण त्या पाण्यात स्वतःचा मोठा दिवा दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे पाण्यात गेलेल्यालाच कळेल. माझ्या वहीतल्या कितीतरी नोंदी त्याच्या उजेडात झालेल्या आहेत, आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं आहे.

राखीव दिवा खिशात ठेवायची त्याची सवय कुठून आली, याचा माग काढत मी आणखी एका माणसापर्यंत पोहोचले, ज्याला भेटणं शक्यच नव्हतं. शेक एक्स्ले हा फ्लोरिडातला शाळेत गणित शिकवणारा माणूस. तिथल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये डायव्हर मरत होते. एक्स्लेने त्या मृत्यूंचे तपशील गोळा केले, प्रत्येकात नेमकं काय चुकलं ते तपासलं, आणि 1979 साली एक पुस्तिका लिहिली: ‘बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’. बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी. हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी, उरलेला राखीव. आणि प्रत्येकाकडे किमान तीन दिवे. दिवा बिघडणारच, हे धरून चालणारा हा नियम आहे, आणि म्हणूनच तो मला इतका माणुसकीचा वाटतो. त्यात बिघाडाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडलेलं नाही. 1994 साली मेक्सिकोतल्या साकातोन नावाच्या खोल पाणविवरात एक्स्ले स्वतःही मरण पावला. मालवणला तशा गुहा नाहीत, खोलीही बेताची. तरी तो नियम गुहा शिकवणाऱ्यांकडून बाकीच्या डायव्हरांकडे, एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे झिरपत आमच्या होडीपर्यंत आला आणि माझ्या कामी आला. ज्यांच्या मृत्यूतून तो घडला त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

पण राखीव दिव्याने मुख्य दिव्याचं कोडं सुटत नव्हतं. ‘रबरच बदलून बघा, नागदेवीला जा,’ असं मला बंदरावरच्या एका इंजिन मेकॅनिकने सांगितलं. मी गेले आणि काउंटरवर जुनी रिंग ठेवून ‘अशीच द्या’ म्हटलं.

चाचांनी रिंगकडे पाहिलंही नाही. ते दाऊदी बोहरा, मराठी मात्र खास मुंबईची. म्हणाले, “बेटी, रिंग नंतर. ती बसते कुठे ते दाखव.” मी टॉर्च काढून दिला. त्यांनी झाकण फिरवून वेगळं केलं, बांबूच्या टोकदार काडीने खाच साफ केली. लोखंडी टोक खाचेला कधी लावायचं नाही, ओरखडा गोलाकार पडला तर चालतो, आडवा पडला तर तीच पाण्याची वाट, हे त्यांनी काम करता करता सांगितलं. मग अंगठ्याचं नख खाचेतून सावकाश पूर्ण फेरीभर फिरवलं. डोळे मिटून. ओरखडा नव्हता.

नंतर व्हर्निअर आला. टॉर्चच्या नळीचा आतला व्यास घेतला, झाकणावरच्या खाचेच्या तळाचा व्यास घेतला. वजाबाकी केली, निम्मं केलं: 1.6 मिलिमीटर. रिंग बसायला एवढी जागा. मग माझी रिंग मोजली. तिची जाडी 1.78.

“ही इंची रिंग आहे,” चाचा म्हणाले. “खाच मिलिमीटरवाली.”

त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला, तो कागद मी जपून ठेवला आहे. 1.78 जाडीची रिंग 1.6 च्या जागेत गेली की ती जेमतेम दहा टक्के दाबली जाते. त्यातही खाचेवर चढवताना ती ताणली जाते, ताणली की आणखी बारीक होते. न हलणाऱ्या जोडाला वीस टक्क्यांच्या आसपास दाब हवा. त्या खाचेला दोन मिलिमीटरची रिंग हवी होती. आठव्या-दहाव्या ओळीतल्या एका खणातून त्यांनी ती काढली, नायट्राईलची, काळी, 70 शोअर कडकपणाची.

मी विचारलं, इतकी ढिली रिंग होती तर टॉर्च तीस मीटरवर का नाही गेला, नेहमी वरच का बुडाला? त्यांनी पाण्याखालचं जग पाहिलेलं नाही, पण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, कारण पंपातही तेच घडतं. बाहेरचा दाब रिंगला खाचेच्या दुसऱ्या भिंतीवर ढकलतो आणि त्या फटीत घट्ट बसवतो. दाब वाढेल तशी ती जास्त आवळते. खोल पाण्यात समुद्रच तिला मदत करतो. वरच्या दोन-तीन मीटरांत ही मदत नसते. तिथे रिंगला स्वतःच्या दाबावर तग धरावा लागतो. माझी रिंग तिथेच हरत होती. त्यात टॉर्च बोटीवर उन्हात तापलेला, आत गरम हवा. तो थंड पाण्यात गेला की हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. मला कंपनीच्या सगळ्या पत्रांनी जे सांगितलं नव्हतं, ते या माणसाने एका पेन्सिलीने सांगितलं.

जुनी रिंग त्यांनी चिमट्यात दाबून धरली, सोडली आणि मला बघायला लावलं. ती चपटीच राहिली. दाबलेलं रबर परत उसळलं नाही तर ते मेलं, असं ते म्हणाले. मला चॅलेंजर अवकाशयान आठवलं. 1986 च्या जानेवारीतल्या थंड सकाळी त्याच्या बूस्टरच्या जोडातली ओ-रिंग अशीच उसळी घेऊ शकली नव्हती, आणि रिचर्ड फाइनमनने चौकशी समितीसमोर शिकंज्यात धरलेला रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते दाखवून दिलं होतं. चाचांनी ती गोष्ट ऐकली होती. त्यांच्या धंद्यातल्या सगळ्यांनीच ऐकली आहे, म्हणाले. ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. सात माणसं गेली, त्यांनी आकडा सांगितला.

रिंगचे पैसे त्यांनी घेतले, काही रुपये. वर्षाला दोन रिंगा पुरतील, पण पाकीट न्या, म्हणाले. ग्रीस किती लावायचं तेही दाखवलं: रिंगला नुसती चकाकी यावी इतकंच. पाणी अडवते रिंग, ग्रीस फक्त तिला नीट सरकू देतं. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं नाही, ती फुगते. पुढच्या मोसमात टॉर्च बुडाला नाही.

सगळे बिघाड रबराचे नव्हते. त्याच टॉर्चचा उजेड नंतर लाटेच्या धक्क्याने मंद व्हायला लागला, मध्येच विझून परत यायला लागला. तो बिघाड लॅमिंग्टन रोडवरच्या एका तरुण दुरुस्तीवाल्याने सोडवला. आतली स्प्रिंग सैल होती, धक्क्यात सेलचा स्पर्श क्षणभर सुटत होता, आणि संपर्कावर हिरवा गंज चढला होता. त्याने जाड स्प्रिंग झाळून बसवली. मापांचा तक्ता जोडून मी कंपनीला लिहिलं तेव्हा पुन्हा बदली दिवा देण्याची तयारी आली, खाचेबद्दल एक ओळही नाही. मी तो मागवला नाही.

हे उपकार फेडायचे कसे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चाचांना फोटो नेऊन दिले. त्यांनी एकेक नीट पाहिला आणि विचारलं, हे किती खोल, तिथे किती दाब. दहा मीटरला आणखी एक वातावरण, मी सांगितलं, तीस मीटरला एकूण चार. त्यांनी मान हलवली आणि लगेच मनातल्या मनात कुठल्यातरी पंपाशी तुलना केली असावी. बोटीवर आता माझ्याकडे रिंगांचा डबा असतो, खणांसारखा, प्रत्येक पाकिटावर माप लिहिलेलं. पाहुण्यांपैकी कुणाचा टॉर्च बुडाला की मी आधी खाच मोजते. टॉर्च उन्हात पडू देत नाही, ओल्या गोणपाटाखाली ठेवते. नवी रिंग घातली की सेल न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून टॉर्च बादलीत बुडवून बघते. ही डायव्हमास्टरची युक्ती.

तो आता स्वतःची बोट चालवतो. यंदा त्याने पहिल्यांदा चांगला, महाग दिवा घेतला आहे, आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, “ताई, पाण्यात घालच्या आधी चाचांका दाखवा.” मोसम ऑक्टोबरला सुरू होईल. त्याआधी नागदेवीला जायचं आहे. चाचांचा मुलगा आता काउंटरवर बसतो, पण व्हर्निअर अजून चाचांच्याच हातात असतो, आणि दुपारच्या नमाजानंतर गेलं तर गर्दी कमी असते.