दहा मिलिमीटरचा बोल्ट

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी आमच्या जुन्या गाडीने मला एका बोल्टापायी जळगावभर हिंडविले. पहाटे निघून धुळ्याला बहिणीकडे जायचे ठरले होते. पण स्टिअरिंग ढिले लागत होते, म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने खाली शिरून एक बोल्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. स्टिअरिंगचा दांडा सांध्याला आवळून धरणारा तो बोल्ट. त्याचे आटे पार झिजले होते.

"असाच आणा, गुरुजी," तो म्हणाला.

त्यात काय मोठेसे! पहिल्याच दुकानातून मी दहा मिलिमीटरचा चकचकीत बोल्ट आणला. दोन वेढे गेला आणि अडला. "पाना लावून दाबा की!" मी म्हटले. मिस्त्रीने मान हलविली. जुन्याच्या दोन आट्यांतले अंतर सव्वा मिलिमीटर, नव्याचे दीड. दाबला असता तर सांध्याचेही आटे गेले असते.

दुसऱ्या दुकानातला मात्र सुरळीत आत गेला. मी खिशात हात घातला; तोच मिस्त्रीने तो पुन्हा बाहेर काढला. "जमाव नही, गुरुजी!" जुन्याच्या डोक्यावर १०.९ असे बारीक आकडे होते, याचे डोके कोरे. हे आकडे म्हणजे बोल्टाच्या ताकदीची खूण. १०.९ चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे शंभर किलोंचा ताण सोसतो, ४.६ चा साधा बोल्ट चाळीसच. कोऱ्या डोक्याचा किती सोसेल, कोण सांगणार?

मी चिडलो. एवढ्याशा लोखंडासाठी सण बुडवायचा? पण गडी ऐकेना. "गाडीत पोरं बसणार ना?" एवढेच त्याने विचारले.

शेवटी जुना बोल्ट खिशात घालून सकाळी आम्ही सारे एस.टी.त बसलो. एरंडोल गेले, पारोळा आले. समोरून ट्रकमागून ट्रक येत होते. प्रत्येकाला वाट देताना ड्रायव्हर चक्र किंचित वळवी, आणि माझा हात आपोआप खिशाकडे जाई.

ओवाळून झाल्यावर बहिणीने विचारले, "दादा, गाडी कुठं?" मी बोल्ट काढून दाखविला. सारे हसले.

दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवर ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरलो. म्हाताऱ्या दुकानदाराने दातेरी पट्टी माझ्या बोल्टाला लावली, आटे जुळविले, डोक्यावरचे आकडे वाचले आणि फळीवरून एक पुडी काढली. १८४१ साली इंग्लंडात व्हिटवर्थ नावाच्या गृहस्थाने आट्यांची मापे ठरवून देण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याआधी ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे असत. माप ठरलेले होते म्हणूनच माझ्या बोल्टाचा जोडीदार धुळ्यात निघाला.

जळगावला परतल्यावर मिस्त्रीने तो हातानेच फिरवीत आत नेला, मग पान्याने आवळला. मजुरीही नेहमीचीच घेतली.

वर्गात 'जवळजवळ बरोबर' उत्तराला मी आजही अर्धे गुण देतो. त्या दिवशी त्याने मला एकही दिला नाही. आता गाडीत मुले मागे भांडत असतात आणि चक्र माझ्या हातात असते, तेव्हा त्या नकाराचे मोल कळते.