पाण्याची ऊब

आमच्या भोरच्या घरात पहिले मासे आले ते डासांसाठी. मलेरियाच्या कामावरची माणसं हौदांत गप्पी सोडून जायची. त्यातले चार मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतले आणि बरणी खिडकीत ठेवली. डिसेंबरात नीरा नदीवर सकाळी वाफ तरंगते, तसले दिवस होते. एका पहाटे चारही गप्पी बरणीच्या तळाशी आडवे पडलेले. परसातल्या हौदातले मात्र ऊन पडताच वर आले. "ओंजळभर पाणी ते, रात्रीत गार पडणारच," आजी म्हणाली. मी दिवसभर जेवले नाही.

आजीचं म्हणणं किती खरं होतं ते फार उशिरा कळलं. पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मासा स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवत नाही, भोवतीचं पाणी असेल तसं त्याचं अंग. बरणीतल्या गप्पींना दुपारी उन्हाळा आणि पहाटे कडाक्याची थंडी, दोन्ही एकाच दिवसात सोसावं लागलं होतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी 60 लिटरची काचेची टाकी घेतली आणि एंजल मासे आणले. हीटर हवा का, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मासेही गरम देशातले आणि आपणही गरम देशातले, कशाला हवा हीटर?" मला पटलं. पण एंजल अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी रात्रीही फारसं निवत नाही, त्याला 25-26 अंश लागतात. आमच्याकडे जानेवारीत टाकीतलं पाणी 18 वर यायचं. आठवड्याभरात माशांच्या परांवर बारीक रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासायचे, मग तेही थांबलं. पर मिटून कोपऱ्यात उभे राहायचे. दोनच वाचले.

मग 100 वॅटचा हीटर आला. काचेच्या नळीतला तो लाल दिवा पेटला की मी निर्धास्त झोपायचे. भारनियमनाच्या काळात रात्री वीज गेली की उठून टाकीभोवती गोधडी गुंडाळायची, वरून जुनी चादर. पाणी बदलताना हीटरची पिन आधी काढायची, नाहीतर उघडी पडलेली तापलेली नळी गार पाणी लागताच तडकते. हे सगळं हाताला इतकं सवयीचं झालं, की अजून कुठे लाल दिवा दिसला तर टाकीच आठवते.

पुढे वेल्ह्यातल्या शाळेत बदली झाली. तोरण्याच्या पायथ्याला थंडी भोरपेक्षा जास्त. शाळेतल्या मुलांनी कानंदी नदीतून मळ्या आणला, ओठांमागच्या चकतीनं दगडाला चिकटून राहणारा बोटभर मासा. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा याचं नाव आपल्या लोकांकडूनच घेतलं: मुल्ल्या. शास्त्रात तो आजही गारा मुल्ल्या आहे.

त्याच्यासाठी टाकी मांडताना मी सवयीनं हीटर काढला. एक मुलगी म्हणाली, "बाई, नदीत कुठंय हीटर?"

खरंच होतं. मळ्याला ऊब नको, वाहतं पाणी हवं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि खडकावरच्या धारेत वाढलेल्या माशाला तोच लागतो. त्याच्यासाठी मी हवेचा पंप लावला. एप्रिलमध्ये पाणी 30 च्या वर गेलं तेव्हा तो कल्ले भराभर हलवत काचेवर वर सरकला, पाण्याच्या काठाशी. एंजलला जी ऊब मी रात्ररात्र जपली, तीच याला जाचत होती. आम्ही टाकीवर ओलं फडकं टाकलं, पंखा लावला. पहिल्या पावसानंतर कानंदी वाहती झाली, तेव्हा मुलांनी त्याला पातेल्यातून नेऊन सोडलं.

घरी एंजलची टाकी अजून आहे. डिसेंबर लागला की हीटरवरचं शेवाळ जुन्या ब्रशनं घासून काढते आणि पहाटे उठल्यावर, चहा ठेवण्याआधी, काचेला तळहात लावून पाहते.