जीपची तहान

गाडीलाही तहान लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आमच्या जीपला फार लागत असे. आम्ही मालेगावचे. अब्बा ती जीप भाड्याने चालवीत आणि तिच्यावरच आमचे घर चाले. तहान लागली की ते रेडिएटरमध्ये बोअरिंगचे खारे पाणी ओतीत.

१९९६ च्या मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडी तापली. अब्बांनी ती कडेला घेतली. मी उतरून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. अब्बांनी माझे मनगट घट्ट पकडले. "बेटा, हा प्रेशर कुकर आहे!" ते ओरडले. खरेच, दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की ते एकदम उसळून तोंडावर येते. आम्ही तासभर थांबलो. प्रवासी कुरकुरत होते, अब्बा गप्प होते. इंजिन बिघडले असते तर नवे कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड होते. अब्बांनी अंगणात रेडिएटरखाली टब ठेवून खालची तोटी उघडली. तुम्हांला वाटेल, पाणी आले असेल. छे! विटकरी गाळ आला. खाऱ्या पाण्याचे क्षार आणि आतला गंज! मग स्वच्छ पाणी भरून, झाकण लावून, वरचा रबरी पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवले. पाइप तापला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरले, असे समजावे. पुन्हा इंजिन थंड होऊ दिले, पुन्हा पाणी काढले. चौथ्या वेळी ते नितळ आले. तोवर दुपार टळली होती.

मग हिरवे कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळून भरले. थंड इंजिन झाकण न लावताच सुरू केले. बुडबुडे आले, अडकलेली हवा निघाली, पातळी उतरली. तेवढे पुन्हा भरून झाकण लावले.

इतक्यात आमची शेळी जमिनीवर सांडलेले कूलंट चाटायला गेली. अब्बांनी पाना फेकून तिला मागे ओढले. कूलंट चवीला गोड असते, पण विषारी! त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. सांडलेल्यावर राख टाकून आम्ही ती उचलली. उरलेल्या कूलंटचा डबा घट्ट बंद केला.

"यावर लिही," अब्बा म्हणाले. मी उर्दूत 'जहर' लिहिले.

"आणि मराठीत?"

मी खाली 'विष' लिहिले. शेळीला दोन्ही भाषा येत नव्हत्या, म्हणून अब्बांनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावले.